गोव्यातली छोटी निळी फुलपाखरं: निळा रंग विसरा, ठिपके बघा

प्रश्न असा आला आहे: पावसाळा सरताना घरासमोरच्या गवतात, शेताच्या मेरेवर आणि सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) नखाएवढी निळी फुलपाखरं उडताना दिसतात. फोटो काढले की सगळी राखाडी, ठिपक्याठिपक्यांची. पुस्तकातली चित्रंही एकमेकांसारखीच. मग ती वेगळी कशी करायची?

आधी निळा रंग डोक्यातून काढून टाका. या कुळातल्या, म्हणजे लायसेनिडीतल्या, नरांचा निळा बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. पंखावरच्या खवल्यांची सूक्ष्म रचना प्रकाश परतवते आणि त्यातून तो दिसतो. त्यामुळे तेच फुलपाखरू एका कोनातून जांभळट, दुसऱ्या कोनातून फिकट आणि ढगाखाली जवळजवळ करडं दिसतं. माद्यांमध्ये निळा कमी असतो, काही जातींत नुसता तपकिरी. शिवाय ही मंडळी बसली की पंख मिटतात, म्हणजे निळी बाजू आतच राहते. ओळख पटते ती पंखांच्या खालच्या बाजूवरून, आणि तिथेही रंगावरून नव्हे तर ठिपक्यांच्या जागेवरून.

त्यासाठी पंखाचा थोडा नकाशा पाठ हवा. पुढच्या पंखाची वरची कड म्हणजे कोस्टा. पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी बंद केलेली जी लांबट जागा असते, तिला सेल म्हणतात. सेलच्या टोकाला बहुधा एक छोटी आडवी रेघ असते आणि तिच्या पलीकडे ठिपक्यांची वाकडी रांग. सेलच्या आत ठिपका आहे की नाही, कोस्टावर जास्तीचा ठिपका आहे का, मागच्या पंखावरची रांग सलग वळते की मध्येच मोडते, शेपटी आहे का आणि शेपटीजवळ काळे डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे गोल ठिपके, किती: या पाच गोष्टींनी गोव्यातल्या बहुतेक छोट्या निळ्यांचा निकाल लागतो.

सुरुवात गवतातल्या चौघांपासून करा: पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि टायनी ग्रास ब्लू. चौघांनाही शेपटी नाही, चौघंही जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या वर क्वचित जातात, आणि चौघंही एकाच मैदानात सापडू शकतात. नेमका घोळ इथेच होतो.

पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूने सेलमध्ये बघा. ठिपका नसेल आणि फक्त सेलच्या टोकाची रेघ असेल तर लेसर ग्रास ब्लूचा संशय घ्या. मग मागच्या पंखावर या. वरच्या कडेकडून रांग मोजत खाली आलात की लेसरमध्ये दुसरा ठिपका रांग सोडून आत, म्हणजे पंखाच्या मुळाकडे सरकलेला दिसतो. ओळीत उभ्या मुलांपैकी एकाने पाऊल मागे घ्यावं तसा. ही खूण पक्की आहे. सेलचा ठिपका फोटोत प्रकाशामुळे हरवू शकतो, पण मोडलेली रांग हरवत नाही. म्हणून एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सेलमध्ये ठिपका आहे आणि मागच्या पंखावरची रांग सलग वळणाची आहे, तर पेल किंवा डार्क. या दोघांना खालच्या बाजूवरून वेगळं करायला सवय लागते, आणि सवय असलेलेही चुकतात. पेल मोठा, पंख पसरले तर साधारण २४ ते ३० मिलिमीटर. डार्क लहान, साधारण १८ ते २४. वरची बाजू दिसली तर प्रश्न सुटतो. पेलचा नर फिकट, चंदेरी झाक असलेला निळा. डार्कचा गडद जांभळट आणि कडेला रुंद काळपट पट्टा. वरची बाजू दिसलीच नाही तर वहीत ‘पेल किंवा डार्क’ लिहा आणि पुढे चला. अंदाजाने एक नाव लिहिण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

चौथा टायनी. हा सगळ्यांत छोटा, पण आकारावरून ओळखू नका. पुढच्या पंखाच्या कोस्टावर, ठिपक्यांच्या मुख्य रांगेच्या अलीकडे, एक-दोन जास्तीचे काळे ठिपके असतात. बाकी तिघांना तिथे काही नसतं. पंखही जरा अरुंद आणि लांबट, उडणं हळू आणि अडखळत. हवेवर तरंगणाऱ्या कागदाच्या कपट्यासारखा दिसतो.

आकारावर विसंबू नका म्हणण्याचं कारण साधं आहे. अळीला पोटभर खायला मिळालं नाही तर त्याच जातीचं फुलपाखरू बुटकं निघतं. उन्हाळ्याच्या तोंडावर सुकलेल्या गवतावर वाढलेला पेल पावसाळ्यातल्या डार्कएवढा भरू शकतो.

झाडावरून मिळणारा दुजोरा मात्र भरवशाचा असतो. मादी पोट वाकवून पानाला टेकवते, तेवढा क्षण मिळाला तर कुठल्या वनस्पतीवर टेकवलं ते आधी बघा, फोटो मागाहून. पेल ग्रास ब्लू आंबुशीवर अंडी घालते, ती आंबट तीन पानांची वेल जी कुंडीत, अंगणाच्या फटीत, तुळशीच्या बुंध्याशी कुठेही येते. पणजीसारख्या शहरात सगळ्यांत जास्त दिसणारा निळा हाच, आणि त्याचं कारण आंबुशीच. लेसर शेंगवर्गातल्या जमिनीलगतच्या रोपांवर असते: रानमेथी, लाजाळू वगैरे. डार्क माठाच्या कुळावर, म्हणजे काटेमाठ आणि गोव्याच्या पोरसात (परसात) हमखास असणारी तांबडी भाजी. शिवाय सराट्यावर, म्हणजे गोखरूवर. टायनी अडुळशाच्या कुळातल्या बारीक रोपांवर. ओलसर जागी, शेताच्या कडेला, कोळशिंदा वाढतो तिथे बघा. एकाच मैदानात चौघंही फुलांवर येतील, पण अंडी घालताना प्रत्येक मादी आपल्या झाडाकडे जाते.

आता शेपटीवाले. मागच्या पंखाच्या खालच्या कोपऱ्यातून केसासारखी बारीक शेपटी निघते आणि तिच्या मुळाशी काळे डोळे असतात. बसल्यावर फुलपाखरू मागचे पंख एकमेकांवर घासतं आणि शेपट्या मिश्यांसारख्या हलतात. सरडा किंवा उडी मारणारा कोळी तिकडेच डोकं समजून झडप घालतो आणि त्याच्या हाती पंखाचा तुकडा लागतो. फुलपाखरू वाचतं, आपण फसतो: शेपटी आणि डोळे दोन्ही गेलेले असतात आणि उरलेलं फुलपाखरू भलत्याच जातीचं वाटतं. ‘शेपटी नाही’ असं लिहिण्याआधी दोन्ही बाजूंचे पंख तपासा आणि कड स्वच्छ आहे की फाटकी ते बघा.

हा घोळ लाइनब्लूंमध्ये सगळ्यांत जास्त होतो. कॉमन लाइनब्लूला शेपटी असते, टेललेस लाइनब्लूला नसते. बाकी दोघंही बारीक, तपकिरी, आडव्या रेघारेघांची, आणि ओल्या वाळूवर एकाच घोळक्यात बसतात. शेपटी तुटलेला कॉमन पुष्कळ वेळा टेललेस म्हणून नोंदला जातो. टेललेसमध्ये मागच्या पंखाची कड गोल, अखंड असते. तुटलेल्यात ती जागा खडबडीत दिसते. त्यांची मोठी भावंडं, फोर-लाइन आणि सिक्स-लाइन ब्लू, पुढच्या पंखावरच्या रेघा मोजून वेगळी होतात. त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. मोल्याच्या किंवा बोंडल्याच्या जंगलात ओढ्याकाठी वीसएक लाइनब्लू बसलेले असतील तर त्यातले चार-पाच नीट टिपून बाकीच्यांना ‘लाइनब्लू, जात अनिश्चित’ म्हणणं हीच शहाणी नोंद.

शेतावर या. गोव्यात भाताची कापणी झाली की अनेक ठिकाणी त्याच ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळी, पेरतात. डिसेंबरपासून या शेतात दोन निळे नक्की सापडतात: ग्रॅम ब्लू आणि पी ब्लू. दोघांच्या अळ्या कळ्या, फुलं आणि कोवळ्या शेंगा खातात. उभ्याने बघून ते वेगळे होत नाहीत, पण बसल्यावर सोपे आहेत. पी ब्लूच्या खालच्या बाजूवर फिकट तपकिरी नागमोडी रेघांचं जाळं असतं आणि मागच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला एक रुंद पांढरट पट्टा आडवा जातो. हा पट्टा लांबूनही दिसतो. ग्रॅम ब्लूला असा पट्टा नाही. त्याच्या शेपटीजवळ नारिंगी मुकुट घातलेले दोन ठळक काळे डोळे असतात. पी ब्लू दूरदूर स्थलांतर करणारा आहे, युरोप-आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला, त्यामुळे सड्यावर खुळखुळ्याच्या फुलांवरही तो अचानक मोठ्या संख्येने येतो आणि तसाच नाहीसा होतो.

त्याच शेताच्या कुंपणावर झेब्रा ब्लू असेल. पांढऱ्यावर तपकिरी पट्टे, नाव सार्थ. पी ब्लूशी गल्लत होते ती फक्त झिजलेल्या नमुन्यात. जवळपास चित्रक असेल तर झेब्राची शक्यता वाढते, कारण मादी त्याच्या कळ्यांवर अंडी घालते. परसात शोभेचं निळं प्लंबॅगो लावलं असेल तर तिथेही येते.

फर्गेट-मी-नॉट आणि सिल्व्हर फर्गेट-मी-नॉट ही जोडी जरा नाजूक आहे. दोन्ही राखाडी, दोन्हींना शेपटी. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला कोस्टाजवळ एक छोटा ठिपका शोधा. तो सेलच्या टोकाची रेघ आणि पलीकडचा पट्टा यांच्या साधारण मधोमध असेल तर फर्गेट-मी-नॉट. पट्ट्याच्या अगदी जवळ गेलेला असेल तर सिल्व्हर. यासाठी फोटो पंखाला काटकोनात काढलेला हवा. तिरका असेल तर अंतरं बदलतात आणि ठिपका हवा तिकडे सरकल्यासारखा वाटतो.

शहरातल्या बागांचा खास पाहुणा म्हणजे प्लेन्स क्युपिड. सायकसला नवा कोवळा तुरा फुटला की ही मादी हजर. अळ्या पानं जून होण्याआधी फडशा पाडतात आणि बागमालक औषध फवारतो. शेपटीजवळ नारिंगी मुकुटाचा डोळा ग्रॅम ब्लूसारखाच, म्हणून गल्लत होते. फरक मागच्या पंखाच्या मुळाशी आहे: प्लेन्स क्युपिडमध्ये तिथे पांढऱ्या कडेच्या गडद काळ्या ठिपक्यांची आडवी रांग असते. जुन्या पुस्तकांत तो चिलाडेस या वंशात आहे, नव्या याद्यांत लुथ्रोडेसमध्ये. दोन नावं दिसली म्हणून दोन जाती समजू नका. त्याचा जुना सोबती लाइम ब्लू लिंबाच्या कोवळ्या पालवीवर वाढतो, त्याला शेपटी नसते, आणि कोरड्या दिवसांत मागच्या पंखावर एक मोठा तपकिरी डाग येतो. लिंबाजवळ शेपटी नसलेला, डागाळलेला निळा दिसला तर आधी त्याचाच विचार करा.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आणि जंगलाच्या कडेला खेळ बदलतो. तिथे खालची बाजू पांढरी असलेले निळे भेटतात. सुपारीच्या सावलीत जमिनीलगत लडबडत उडणारा पांढरा जीव, मागच्या पंखाच्या वरच्या टोकाजवळ एकच मोठा काळा ठिपका: क्वेकर. तसाच, पण मागच्या पंखावर दोन मोठे ठिपके, एक वरच्या कडेला आणि दुसरा आतल्या कडेला: मलायन. तिसरा कॉमन हेज ब्लू, ज्याच्या पांढऱ्यावर ठळक काळे ठिपके विस्कटलेले असतात आणि उडताना नराची जांभळट निळी वरची बाजू चमकते. प्लेन हेज ब्लूचे ठिपके बारीक आणि फिके. क्वेकर आणि मलायन तर फोन झूम न करताही ओळखता येतात.

सेरुलियन मात्र उडतानाच ओळखा. कॉमन सेरुलियन उडताना दुधाळ आकाशी रंग उघडझाप करतो. डार्क सेरुलियनचा नर मोरपिशी निळ्या ठिणगीसारखा चमकतो आणि बसला की एकदम गडद तपकिरी होतो, जणू दिवा मालवला. दोघांच्या खालच्या बाजूला बारीक पांढऱ्या रेघा आणि नारिंगी मुकुटाचा डोळा. करंजाच्या आसपास दोन्ही मिळतात. रेघांमुळे नवखा माणूस त्यांना लाइनब्लू म्हणतो. लाइनब्लू बराच लहान, आणि त्याच्या रेघा नाजूक पांढऱ्या उमटत नाहीत, तपकिरी पट्ट्यांच्या कडा म्हणून दिसतात.

ऋतूचं गणित समजून घेतल्याशिवाय ही सगळी ओळख निम्मी राहते. जून ते सप्टेंबरच्या पावसात आणि त्यानंतर लगेच निघणाऱ्या पिढीचे ठिपके काळेभोर, कडा स्वच्छ. जानेवारीनंतर गवत वाळतं, जांभ्याच्या सड्यावर धूळ उडते, आणि त्याच जातीची पुढची पिढी फिकट निघते: ठिपके पुसट, काहींवर तपकिरी डाग. पुस्तकातलं चित्र बहुधा ओल्या ऋतूतल्या रूपाचं असतं. मार्चमध्ये टिपलेला पेल ग्रास ब्लू त्या चित्राशी जुळला नाही म्हणून नवी जात सापडली असं वाटतं, आणि अशा ‘नव्या नोंदी’ दर उन्हाळ्यात येतात. ठिपके फिके झाले तरी त्यांची जागा बदलत नाही. म्हणून पुन्हा जागेवरच बोट ठेवा. शिकायला ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सगळ्यांत चांगला: ताजे नमुने, ठळक ठिपके, आणि आंबुशीपासून अळसांद्यापर्यंत सगळं हिरवं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी आठ ते दहा. रात्रीच्या गारव्याने सुस्त झालेली फुलपाखरं अर्धवट पंख उघडून ऊन खातात, तेव्हा वरची बाजू दिसते. पेल-डार्कचा प्रश्न याच दोन तासांत सुटतो. अकरानंतर सड्यावरचा दगड तापतो आणि नर एका जागी थांबत नाहीत. तेव्हा ओढ्याकाठची ओली वाळू किंवा कुळागरातला पाट बघा. संध्याकाळी साडेपाचच्या पुढे ग्रास ब्लू गवताच्या पात्यांवर मुक्कामाला बसतात, पंख मिटून, स्थिर. खालच्या बाजूचा फोटो काढायला याहून चांगली वेळ नाही.

जवळ जाताना सावली त्यांच्यावर पडू देऊ नका आणि उभ्याने वाकू नका. तीन पावलं अलीकडेच बसा आणि बसल्या बसल्या पुढे सरका. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर छिद्र एफ ८ ते एफ ११, शटर १/२५० च्या खाली नको. कॅमेऱ्याची पाठ मिटलेल्या पंखाला समांतर ठेवा, म्हणजे मुळापासून कडेपर्यंत सगळे ठिपके एकाच वेळी स्पष्ट येतात. फोनने काढत असाल तर फोन नाकाशी नेण्यापेक्षा वीतभर लांबून दुप्पट झूम वापरा आणि लागोपाठ दहा-बारा फोटो घ्या. फिकट पंख काळ्या मातीवर असले की कॅमेरा चित्र जास्त उजळ करतो आणि ठिपक्यांभोवतीची पांढरी कडी विरघळून जाते. प्रकाश अर्ध्या ते पाऊण स्टॉपने कमी करा. कुळागराच्या हिरव्या उजेडात खालची बाजू हिरवट येते, तिथे रंगावर काहीच ठरवू नका.

अळ्या शोधायच्या असतील तर मुंग्यांकडे बघा. या कुळातल्या पुष्कळ अळ्यांच्या पाठीवर गोड रस देणारी ग्रंथी असते. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीभोवती पहारा देतात. अळसांद्याच्या कळ्यांच्या झुपक्यावर मुंग्या एकाच जागी घुटमळत असतील आणि मावा नसेल, तर भिंग काढा. कळीच्याच रंगाची, चपटी, गोगलगायीसारखी अळी तिथे असते. फुलाला गोल भोक दिसलं तर अळी आत आहे. फूल सोलू नका, दुसऱ्या दिवशी तिथेच या. प्लेन्स क्युपिडच्या अळ्यांसाठीही हीच युक्ती, फक्त सायकसच्या तुऱ्यावर.

नोंद करताना तारीख, वेळ, ठिकाण, कशावर बसलं होतं, किती होती आणि काय करत होती एवढं त्याच दिवशी लिहा. ‘गोवा’ एवढंच ठिकाण लिहिलेली नोंद निरुपयोगी. ‘चोडण, खाजनाचा बांध’ किंवा ‘नेत्रावळी, ओढ्याजवळची पायवाट’ असं हवं. एका फुलपाखराचे दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र ठेवा, नाहीतर आठवड्याने कुठली वरची बाजू कुठल्या खालच्या बाजूची ते सांगता येत नाही. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकत असाल तर यंत्राने सुचवलेलं नाव तपासल्याशिवाय स्वीकारू नका. ग्रास ब्लूंच्या बाबतीत ते सेलमधल्या एका ठिपक्यावर सहज घसरतं. जाळ्याने पकडून बघण्याचा मोह टाळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत या कुळातल्या अनेक जाती आहेत, अभयारण्यात परवानगीशिवाय काहीच पकडता येत नाही, आणि एवढ्या नाजूक पंखावरचे खवले बोट लागताच झडतात. मग ज्या ठिपक्यांसाठी पकडलं तेच पुसले जातात.

आणि गवत कापण्याबद्दल एक विनंती. दिवाळीच्या आधी अंगण साफ करताना आंबुशी आणि रानमेथी मुळासकट निघतात. अंगणाची एक कड, दोन-तीन हात रुंद, डिसेंबरपर्यंत तशीच सोडली तर पेल आणि लेसर दोघंही तुमच्या उंबऱ्यापासून पाच पावलांवर बघायला मिळतील, आणि मोडलेली रांग कशी दिसते ते पुस्तकाशिवाय डोळ्यांत बसेल.